शेवटच्या काडीवर बाण नाही

आमचे धाकटे दीर कल्याण भाऊजी चहाचा कप हातात आला की आधी तो डोळ्यांच्या रेषेत धरतात, एक डोळा बारीक करून चहा कुठवर आलाय ते बघतात आणि मगच घोट घेतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मी चहा कमी दिला म्हणून टोमणा मारतायत. सासूबाई तेव्हा होत्या, त्या हसल्या. म्हणाल्या, "मनावर घेऊ नको गं, त्याला दिसंल ते मोजायची सवय लागलीय."

भाऊजी पाऊस मोजतात. बदनापूरजवळ एका सरकारी फार्मावर ते सत्तावीस वर्षांपासून आहेत. दिवसभर मजूर, प्लॉट, बियाण्यांच्या चिठ्ठ्या अशी शंभर कामं असतात, पण दिवसाचं पहिलं काम एकच. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, माप डोळ्यांसमोर धरून आकडा वाचायचा आणि रजिस्टरात लिहायचा. ताप असो, घरी पाहुणे असोत, साडेआठ चुकत नाहीत. त्यांच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा हळदीच्या अंगानं फार्मावर जाऊन आले होते. माझी जाऊ शालू, तिच्या माहेरचे अजून ते काढून हसतात.

त्यांची तक्रार एकच. "वहिनी, वर्षातले तीनशे दिवस मी शून्य लिहितो. सरकार मला शून्याचा पगार देऊन राह्यलं." आम्ही सगळे हसायचो. ते स्वतः हसत नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्यांची मुलगी आकांक्षा शिकायला होस्टेलवर गेली, तिला नवा लॅपटॉप घेतला आणि जुना घरात राहिला. भाऊजींनी तो पुसून ओसरीतल्या टेबलावर मांडला, मोबाइलवर बघून बघून शेअरबाजाराच्या चार्टचं एक सॉफ्टवेअर त्यात घातलं आणि एका बियाण्याच्या कंपनीचा चार्ट उघडून बसले. दिवसाची एक उभी काडी. भाव चढला तर हिरवी, उतरला तर लाल. त्यातली गंमत अशी की आपण आपला नियम लिहून द्यायचा. नियम ज्या दिवशी लागू पडेल त्या दिवसाच्या काडीखाली सॉफ्टवेअर हिरवा बाण काढतं. बाण आला की शेअर घ्यायचा.

पण तो नियम त्या सॉफ्टवेअरच्याच भाषेत लिहावा लागतो. एक स्वल्पविराम इकडचा तिकडं झाला, एक कंस उघडा राहिला, की खाली लाल अक्षरं येतात आणि बाण काही येत नाही. भाऊजींचं आणि त्या लाल अक्षरांचं तीन महिने भांडण चाललं होतं. मी त्यात पडले ती अशी.

"वहिनी, या बरं इकडं. कंस मोजून द्या."

"भाऊजी, भाजी फोडणीला टाकलीय."

"मंग गॅस बंद करा. हे फोडणीपेक्षा जल्दीचं काम आहे."

शालू पोळ्या लाटत म्हणाली, "जा अक्का तुम्ही. माझ्याकडून एकदा मोजून घेतले, तर म्हणले, तू बोलत बोलत मोजती."

मी दहावीपर्यंत शिकलेली. शेअर म्हणजे नेमकं काय ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण पोथी वाचताना अक्षराखाली बोट ठेवून वाचायची मला सवय आहे, बोटाखालून अक्षर निसटत नाही. त्या दिवशी देवासाठी वळलेल्या वाती ताटलीत होत्या, त्याच घेऊन गेले. कंस उघडला की एक वात टेबलावर ठेवायची, झाकला की एक उचलायची. शेवटी एक वात उरली.

"भाऊजी, सात उघडलेत, सहाच झाकलेत. तुमचं एक पातेलं उघडं आहे."

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. वीस दिवसांच्या सरासरीपुढं कंस राहिला होता. तो घातला आणि लाल अक्षरांची एक ओळ कमी झाली. तेव्हापासून माझी नेमणूकच झाली. रोज वाती वळायच्या त्या आधी कंसाला आणि मग देवाला. मी देवीला हात जोडून म्हटलं, तुझ्याच वाती आहेत, थोडा वेळ उसन्या दिल्या.

भाद्रपदात गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीतून हाक आली. धावत गेले. लाल अक्षरं गेली होती. खालची पट्टी कोरी होती आणि चार्टवर हिरवे बाण उमटले होते. भाऊजी बोटानं चार्ट मागं मागं ढकलत होते.

"हा बघा बाण, दुसऱ्या दिवशी भाव वर. हा बघा, दुसऱ्या दिवशी वर. तीन वर्षांचे बाण मोजले वहिनी. एकशे बारा. आणि एकशे बाराच्या एकशे बारा खरे! एक बी वाया गेला न्हाई!"

मी देवापुढं साखर ठेवली. खोटं कशाला सांगू, मलाही आनंद झाला. त्यातले निम्मे कंस माझे होते.

चार दिवसांनी शालू माझ्याजवळ मेथी निवडायला बसली. पानं कचऱ्यात टाकत होती आणि काड्या टोपलीत. मी तिचा हात धरला.

"अक्का, हे नोकरी सोडून राह्यलेत. अर्ज लिहून झालाय."

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. पाच वर्षं बाकी असताना. नोकरीचे जे पैसे हातात येतील ते सगळे बाणावर लावायचे, घरी बसून काडी आणि बाण बघायचे, असा बेत होता.

"बाण खरा असंल तर माझी काही तक्रार न्हाई," शालू म्हणाली. "नसंल तर? सोडलेली नोकरी कुणी परत देतं का?"

आमचे हे जुन्या जालन्यात कपड्याच्या दुकानात असतात, सकाळच्या गाडीनं जातात, संध्याकाळी येतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "माझं तो ऐकणार नाही. तुझं ऐकेल, तूच सांग."

काय सांगू? बाण खोटा आहे असं कुठल्या तोंडानं म्हणू? सगळं तर खरं दिसत होतं. मला जे माहीत होतं तेच मी म्हटलं.

"भाऊजी, उद्यापासून पक्ष लागतोय. पितरांच्या दिवसात कुणी नवं काम धरत नाही."

भाऊजी तसे देवाधर्माचे फार नाहीत, पण पक्षात आईची नवमी असते, ती ते पाळतात. म्हणाले, "बराबर आहे. मंग घटस्थापनेला देतो. देवीचा दिवस, चांगलाच." आणि तपकिरी पाकिटात घातलेला अर्ज त्यांनी आमच्या देवघरात, मत्स्योदरी देवीच्या तसबिरीमागं ठेवला.

आता मी रोज देवीला हळदकुंकू लावायचे आणि मागून ते पाकीट डोकावायचं. पूजा झाली तरी झाल्यासारखी वाटेना.

त्यातच भाऊजींना सोयाबीनच्या पीक कापणी प्रयोगाची ड्यूटी लागली, शेतातला तुकडा कापून उतारा मोजायचा, जाफराबादकडच्या गावांत, तेरा-चौदा दिवस. पर्जन्यमापकाची नोंद तेवढे दिवस त्यांचे सहकारी रखमाजी करणार होते. जाताना भाऊजींनी मला लॅपटॉपपुढं बसवलं.

"वहिनी, तुम्ही रोजवही लिहिताच. माझं एक काम त्यात घाला. बाजार उघडा असंल त्या दिवशी संध्याकाळी सहाला हे बटण दाबायचं. दिवसाचा भाव उतरतो. मंग शेवटची काडी बघायची. फक्त शेवटची. मागचं बघत बसायचं न्हाई, ते माझं बघून झालंय. बाण असंल तर बाण आहे म्हणून लिहायचं."

"आणि नसला तर?"

"नसला तर न्हाई म्हणून लिहायचं."

"नाही ते कशाला लिहायचं?"

त्यावर ते जरा चिडले. "रकाना कोरा ठेवायचा न्हाई वहिनी. कोरा म्हणजे कुणी बघितलंच न्हाई. शून्य म्हणजे बघितलं आणि न्हवतं."

"मग तुम्हीच फोनवर का बघत नाही?"

"मी बघितलं तर मला नसंल तिथं बी बाण दिसंल. तुम्हाला काही देणंघेणं न्हाई, म्हणून तुम्ही."

माझी रोजवही म्हणजे साधी दोनशे पानी. वर श्री, मग वार आणि तिथी, काय रांधलं, कोण आलं, पोथीची किती पानं झाली. लग्नानंतर तिसऱ्या वर्षापासून लिहिते, कपाटाच्या खालच्या कप्प्यात गठ्ठा आहे. त्यात आता रोज एक ओळ वाढली. सहा वाजता बटण, शेवटची काडी, आणि मग वही. बरोबर सव्वासहाला जाफराबादहून फोन यायचा.

"वहिनी, बाण?"

"नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. एकदा शालूनं फोन घेतला तर तिलाही तेच, "बाण?" ती म्हणाली, "न्हाई. आणि मी बरी आहे, विचारलं न्हाई तरी सांगते." तिकडून हसल्याचा आवाज आला. भाऊजींना काळजी वाटत नव्हती. महिन्यात तीन-चारच बाण येतात, सध्या बाजार थंड असेल, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी सर्वपित्री अमावस्या आणि गांधी जयंतीची सुट्टी एकाच दिवशी आली होती. आदल्या संध्याकाळी भाऊजी जीपनं आले, सोयाबीनच्या भुशानं केस पांढरे झालेले. दुसऱ्या दिवशी सगळे घरीच. दुपारी कावळ्याला पान ठेवलं, जेवणं झाली. उद्या घट बसणार होते. उद्याच अर्जही जाणार होता. मी घटासाठी माती चाळत बसले होते, शालू गहू निवडत होती, तेवढ्यात ओसरीतून आरडाओरडा.

"चार! वहिनी, चार बाण! पक्षात चार बाण आले, चारी खरे!"

मी मातीच्या हातानं तशीच गेले. "कुठले चार? मी एकही लिहिला नाही."

"हे बघा ना. हा, हा, हा आणि हा. तुम्ही चष्मा लावला न्हवता का?"

मला राग आला. "चष्म्याशिवाय मी वात वळते भाऊजी, वही बिलकुल लिहीत नाही. थांबा." हात धुऊन वही आणली आणि उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. "बुधवार, नवमी. सासूबाईंची अविधवा नवमी. सवाष्ण उषाबाई. पुरणपोळी एकच खाल्ली, दाढ दुखते म्हणाल्या. सहा वाजून दहा मिनिटं. शेवटच्या काडीवर बाण नाही."

"उषाबाई बी बघायला उभ्या होत्या," शालू दारातून म्हणाली. "मला म्हणल्या, यात बी पाऊस मोजतेत का गं?"

स्क्रीनवर त्या बुधवारच्या काडीखाली बाण होता. चांगला ठळक, हिरवा.

भाऊजींनी माझ्या हातातून वही घेतली. पान डोळ्यांच्या रेषेत धरलं, एक डोळा बारीक केला. पुढचं पान, त्याच्या पुढचं. दहा दिवस बाजार उघडा होता आणि दहाही दिवस माझ्या अक्षरात तीच ओळ, शेवटच्या काडीवर बाण नाही. खुर्ची पुढं ओढून त्यांनी गुरुवारपासूनचे सगळे भाव चार्टमधून काढून ठेवले. आता बुधवार शेवटची काडी झाली.

बाण गेला.

गुरुवारचा भाव परत घातला. बुधवारच्या काडीखाली बाण आला. काढला, गेला. घातला, आला.

"हा काय लपंडाव लावलाय?" शालू म्हणाली.

भाऊजींनी नियमाची ओळ उघडली आणि कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "रजिस्टर, वहिनी. पावसाचं रजिस्टर."

त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. मंगळवारी दिवसभर पाऊस पडला तरी तो मोजतात बुधवारी सकाळी साडेआठला, आणि लिहितात बुधवारच्या रकान्यात. म्हणून मंगळवारी किती पडला असं कुणी विचारलं की रजिस्टरात एक रकाना पुढं बघायचं. सत्तावीस वर्षं त्यांचं बोट असंच पुढच्या रकान्यात गेलं. बाजाराचा भावही असाच दुसऱ्या दिवशीच्या रकान्यात बसत असणार, असं त्यांनी न विचारता धरलं आणि नियमात लिहिलं, अधिक एक, म्हणजे एक रकाना पुढं जाऊन भाव बघ. पण भाव साडेआठची वाट बघत नाही. मंगळवारचा भाव मंगळवारच्याच काडीत असतो. एक पुढं म्हणजे थेट उद्या.

"म्हणजे तुमचा बाण उद्याचा भाव बघून आज उमटतो?" मी विचारलं.

"हो."

"आणि आजच्या शेवटच्या काडीला उद्या नसतोच अजून."

"म्हणून तुमच्या वहीत न्हाई, न्हाई, न्हाई." ते खिन्न हसले. "एकशे बाराच्या एकशे बारा खरे! निकाल बघून पेपर लिहिला मी वहिनी."

"पण मग लाल अक्षरं का आली नाहीत?" मला खरंच वाईट वाटत होतं. कंस मी मोजले होते.

"ते कंस बघतं, स्वल्पविराम बघतं. तुमचे कंस बराबर होते. डोकं माझं एक रकाना पुढं होतं, ते त्याला कसं दिसंल?"

मग त्यांनी ती ओळ नव्यानं लिहिली. अधिकचं उणे केलं, आजच्या भावाशेजारी कालचा मांडला. कुणी न सांगता मी वातींची ताटली घेऊन आले. सहा उघडले, सहा झाकले, वात उरली नाही. बाण सगळे आपापल्या जागेवरून हलले. या वेळी भाऊजी मोठ्यानं मोजत होते आणि आम्ही दोघी जावा उभ्या राहून ऐकत होतो. बाण आला आणि दुसऱ्या दिवशी भाव चढला, असे किती? एकशे नऊ बाणांत एकावन्न.

"निम्मे बी न्हाईत," भाऊजी म्हणाले. "एवढं तर रुपया उडवला तरी निघतं."

ओसरीत गव्हाचं सूप, मातीची चाळणी, सगळं तसंच पडलेलं. आणि एकाएकी शालू हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसतच. "पाऊस मोजतेत का गं, म्हणल्या," एवढंच तिला बोलता येत होतं. ती हसली तशी मी हसले, आणि आतून झोपेतून उठून आलेल्या आमच्या ह्यांनी काय झालं म्हणून विचारलं तर आम्हाला सांगताच येईना. गेल्या पंधरा दिवसांत मी इतका मोकळा श्वास घेतला नव्हता. भाऊजी आमच्याकडं बघत राहिले आणि मग त्यांच्याही खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखे खुर्चीत मागं टेकले.

"आज सुट्टी होती म्हणून चार्ट उघडून बसलो, बरं झालं," ते म्हणाले. "पक्ष नसता तर पंधरा दिवसांमागंच देऊन बसलो असतो. तीन महिन्यांची नोटीस चालू झाली असती."

त्यांनी पाय धुतले, देवघरात गेले, तसबिरीमागचं पाकीट काढलं आणि शालूच्या हातात दिलं. "घे. तूच काय करायचं ते कर."

शालूनं आतला अर्ज काढून चार घड्या करून चुलीपाशी सरपणात खोचला. पाकीट मात्र उलटंपालटं करून बघितलं. "जाड आहे चांगलं," म्हणाली, आणि निवडलेले घटाचे गहू त्यात भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घट मांडला. मातीवर गहू पसरले ते त्याच पाकिटातून. देवीला कुंकू लावताना तसबिरीमागं फक्त भिंत होती. माळ घालते आहे तोच फोन वाजला. घड्याळात बघितलं, आठ पस्तीस.

"वहिनी, शून्य!"

आवाज असा की जणू दहा इंच पडलाय.

"लिहिलं का?"

"लिहिलं. आजच्या रकान्यात, कालचं. रखमाजी म्हणला, तुमच्या मागं मी एक दिवस कोरा सोडला. त्याला दिले दोन शब्द ऐकवून."

त्यांचं चार्टचं वेड काही गेलेलं नाही. संध्याकाळी फार्मावरून आले की बसतात, नवे नियम लिहितात, लाल अक्षरांशी भांडतात. "वहिनी, कंस" म्हणून हाक आली की मी वाती घेऊन जाते. कुठलाही नियम झाला की आता त्यांची स्वतःचीच अट असते, दोन महिने वहिनीच्या वहीत उतरल्याशिवाय त्यावर बोलायचं नाही. आजवर एकही टिकलेला नाही. त्यांना त्याचं काही वाटत नाही, नोकरी आहे.

त्या दिवसाचं माझं पान असं आहे. श्री. गुरुवार, आश्विन शुद्ध प्रतिपदा. घट बसले. शिरा, वरणभात. पोथी तीन पानं. पाऊस शून्य. सहा वाजता बटण दाबलं, नव्या नियमानं शेवटच्या काडीवर बाण नाही. चहा दोन वेळा. भाऊजी म्हणाले, कप काठोकाठ आहे.